ग्रुप ओढला की मीटर लांबट होतं, लॅम्प अंडाकृती होतात: व्हिजिओत हे कसं थांबवायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. व्हिजिओमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये, ६०० बाय १२०० एमएमच्या कंट्रोल पॅनलचं जीए ड्रॉइंग (कुठली वस्तू कुठे बसते ते दाखवणारं) केलंय, डोअर, अँमीटर, आर-वाय-बी चे (लाल, पिवळ्या, निळ्या फेजचे) तीन लॅम्प, लॉक, बिजागऱ्या, नेमप्लेट, खालचा बेस चॅनल असं सगळं मिळून एक ग्रुप केलाय, आता कस्टमरला रुंदी ८०० हवीय, आणि ग्रुपचं हँडल धरून ओढलं की चौकोनी अँमीटर आडवा पसरतो, गोल लॅम्प अंड्यासारखे होतात, उंची वाढवली तर बेस चॅनल पण जाड होतो. अनग्रुप करून एकेक वस्तू हातानं सरकवायची नाहीये कारण असे चाळीस पॅनल आहेत. बरोबर ना?

मी पॅनलची ड्रॉइंग गेली सतरा-अठरा वर्षं करतोय आणि हा त्रास मी पहिली तीन-चार वर्षं रोज सहन केला, कारण मला वाटायचं की ग्रुप म्हणजे असंच वागणार, त्याला इलाज नाही. इलाज आहे, आणि चांगला आहे, फक्त तो ग्रुपवर नाही तर ग्रुपच्या आतल्या प्रत्येक पार्टवर करावा लागतो. ग्रुप ओढताना "मोठं कर" एवढं एकच सांगणं तुम्ही सगळ्यांना देता, आणि आतल्या प्रत्येक वस्तूनं त्या सांगण्याचं काय करायचं हे तुम्ही कधी ठरवलेलंच नसतं, म्हणून प्रोग्रॅम आपल्या मनानं ठरवतो, आणि त्याचा एकच नियम आहे की सगळं त्याच प्रमाणात ताणायचं.

आत नेमकं काय होतं ते आधी बघा, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. तुम्ही ग्रुप करता तेव्हा व्हिजिओ प्रत्येक पार्टची रुंदी, उंची आणि जागा ग्रुपच्या रुंदी-उंचीच्या पटीत लिहून ठेवतो. ९६ एमएमचा अँमीटर ६०० च्या ग्रुपमध्ये असेल तर त्याच्या रुंदीच्या सेलमध्ये (प्रत्येक शेपच्या मागे एक्सेलसारखे सेल असतात, ते पुढे येईल) ९६ राहत नाही, तिथे "ग्रुपची रुंदी गुणिले ०.१६" असा फॉर्म्युला बसतो. ग्रुप ८०० झाला की ०.१६ गुणिले ८०० म्हणजे १२८. उंची तीच राहिली म्हणून ती ९६ च. झाला तुमचा चौकोनी मीटर १२८ बाय ९६. लॅम्पचं २२.५ चं भोक त्याच हिशोबानं ३० बाय २२.५ होतं. यात प्रोग्रॅमची काही चूक नाहीये, तो लिहिलेलं गणित प्रामाणिकपणे करतोय, आपल्याला ते गणितच बदलायचंय.

आणि हे फक्त दिसायला वाईट एवढ्यापुरतं नाहीये हो. ज्यानं मला हे सगळं शिकायला लावलं ती गोष्ट सांगतो. एका पॅनलची उंची १२०० ची १२५० करायची होती, खाली केबलला जागा हवी म्हणून. मी ग्रुप धरला, ५० नं वाढवला, स्क्रीनवर बघितलं, सगळं जागच्या जागी, काहीच वाकडं दिसेना कारण फरक चार टक्क्यांचा होता. त्याच फाइलमधून डीएक्सएफ (कटिंग मशीनला द्यायची ड्रॉइंगची फाइल) काढून पत्र्याच्या कामाला पाठवली. ९६ बाय ९६ च्या मीटरला कटआउट, म्हणजे पत्र्यातलं भोक, ९२ बाय ९२ चा लागतो, म्हणजे पुढची फ्रेम पत्र्यावर दोन्ही बाजूंनी २-२ एमएम टेकते आणि त्यावर मीटर बसतो. माझ्या ड्रॉइंगमध्ये तो कटआउट ९२ गुणिले १२५० भागिले १२०० म्हणजे उंचीत ९५.८ झाला होता. लेझरनं तो तसाच कापला, लेझर काय विचारणार, आणि पावडर कोटिंग होऊन आलेल्या डोअरमध्ये मीटर लावायला गेलो तर वरखाली टेकायला पत्राच नाही. वर ड्रॉइंगमध्ये डायमेन्शन मी हातानं ९२ टाइप केलेलं होतं, म्हणजे कागदावर ९२ आणि रेषेत ९५.८. तो डोअर भंगारात गेला आणि दोष सरळसरळ माझा होता. डोळ्याला दिसणारी विकृती परवडते, ती तुम्ही लगेच अनडू करता, पण तीन-चार टक्क्यांची जी दिसत नाही तीच पुढे पत्र्यापर्यंत जाते. म्हणून तुम्हाला म्हणतो, हे नीट करूनच घ्या.

आता सोपा उपाय आधी. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन मध्ये जाऊन डेव्हलपर टॅब चालू करा. ग्रुपवर एकदा क्लिक केलं की ग्रुप सिलेक्ट होतो, परत त्याच अँमीटरवर क्लिक केलं की आतला अँमीटर एकटा सिलेक्ट होतो. तो सिलेक्ट करून डेव्हलपर टॅबमध्ये बिहेवियर उघडा. तिथे रिसाइझ बिहेवियर म्हणून तीन पर्याय आहेत: स्केल विथ ग्रुप, रिपोझिशन ओन्ली, आणि यूज ग्रुप्स सेटिंग. अँमीटरला रिपोझिशन ओन्ली द्या, तिन्ही लॅम्पना द्या, लॉकला द्या. आता ग्रुप ८०० करून बघा, मीटर ९६ चा ९६ राहील आणि लॅम्प गोल राहतील. बऱ्याच लोकांचं काम इथेच भागतं. फ्लोचार्ट, ऑफिसचा नकाशा, नेटवर्कचं चित्र असलं काही असेल तर एवढंच करा आणि मोकळे व्हा.

पण तुमचं पॅनल आहे, आणि पॅनलला हे पुरत नाही, कारण रिपोझिशन ओन्ली साइझ सांभाळतं, अंतर सांभाळत नाही. तीन लॅम्प ६० एमएमच्या पिचवर (एका लॅम्पच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर) असतील तर ८०० च्या पॅनलमध्ये लॅम्प तेवढेच राहतात पण पिच ८० होते. लॉक उजव्या कडेपासून ६० वर असेल तर ते ८० वर जातं. जागा अजूनही पटीतच मोजली जातेय ना. हे ओळखायला मला बरेच दिवस लागले होते कारण चित्र छान दिसतं, काहीच ताणलेलं नसतं, आणि माणूस खूश होऊन सेव्ह करतो.

पिचचं उत्तर एकदम सोपं आहे, तिन्ही लॅम्पचा आधी वेगळा छोटा ग्रुप करा, त्या छोट्या ग्रुपला रिपोझिशन ओन्ली द्या, मग तो मोठ्या ग्रुपमध्ये घाला. छोट्या ग्रुपची साइझ बदलतच नाही म्हटल्यावर त्याच्या आतलं काहीच हलत नाही, पिच ६० ची ६० च, आतल्या एकेका लॅम्पला हात लावायची पण गरज नाही. अँमीटरचंही तसंच करा, बाहेरची फ्रेम, काटा, आकडे, कटआउटची डॅश रेष हे सगळं एका छोट्या ग्रुपमध्ये आणि त्या ग्रुपला रिपोझिशन ओन्ली. हे ग्रुपमध्ये ग्रुप करणं लोक टाळतात, किचकट वाटतं म्हणून, पण उलट यानंच काम हलकं होतं.

कडेपासूनच्या अंतराला मात्र शेपशीटमध्ये जावं लागतं. घाबरू नका. व्हिजिओ १९९२ साली आलं, मायक्रोसॉफ्टनं ते २००० साली घेतलं, पण प्रत्येक शेपच्या मागे एक छोटी एक्सेलसारखी शीट असते ही गोष्ट कायम आहे आणि माझ्या मते व्हिजिओ घेण्याचं तेच खरं कारण आहे. डेव्हलपर टॅबमध्ये शो शेपशीट दाबा की सिलेक्ट केलेल्या शेपची शीट उघडते. वरच्या भागात रुंदीचा सेल विड्थ, उंचीचा हाइट, आणि जागेचे दोन, पिनएक्स आणि पिनवाय. पिन म्हणजे शेपचा मधला बिंदू, तुम्ही बदललं नसेल तर. पिनएक्स ग्रुपच्या डाव्या कडेपासून मोजतात आणि पिनवाय खालच्या कडेपासून वर, हे लक्षात ठेवा, पिनवाय वरून खाली मोजायला गेलात तर सगळं उलटं बसेल. (ब्राउझरमधल्या व्हिजिओत हे शेपशीट उघडता येत नाही, त्याला डेस्कटॉपवरचं लागतं.)

मी खाली फॉर्म्युले मराठीत बोलल्यासारखे लिहितोय, सेलमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे टाकायचे, आणि ग्रुपच्या जागी ग्रुपचा शीट नंबर येतो, जसं शीट डॉट ५ आणि पुढे उद्गारचिन्ह आणि मग विड्थ. तो नंबर शोधत बसू नका, ग्रुप केल्यावर आतल्या पार्टच्या विड्थ सेलमध्ये तो आयता लिहिलेला दिसतो, तोच उचला.

लॉक उजव्या कडेपासून कायम ६० एमएमवर हवंय, तर त्याचा पिनएक्स म्हणजे ग्रुपची विड्थ वजा ६० एमएम. अँमीटर वरच्या कडेपासून २०० खाली हवाय, तर पिनवाय म्हणजे ग्रुपची हाइट वजा २०० एमएम, आणि तो कायम मध्यावर हवा असेल तर पिनएक्स ग्रुपची विड्थ गुणिले ०.५, जो बहुधा आधीच असतो. खालची बिजागरी खालून १५० वर, तिचा पिनवाय नुसता १५० एमएम. वरची बिजागरी ग्रुपची हाइट वजा १५० एमएम. लॅम्पना वेगळा ग्रुप करायचा नसेल तर मधल्या लॅम्पचा पिनएक्स विड्थ गुणिले ०.५, डावीकडच्याचा तेच वजा ६० एमएम, उजवीकडच्याचा तेच अधिक ६० एमएम. बघा, किती साधं आहे, हे आपण कारागिराला तोंडी सांगतो तसंच आहे, "कडेपासून साठ सोड आणि भोक मार", तेच वाक्य सेलमध्ये लिहायचंय.

आणि आता गार्ड. हे विसरलात तर वरची सगळी मेहनत एका माऊसच्या धक्क्यात जाते. व्हिजिओची सवय अशी आहे की तुम्ही शेप हातानं हलवला की तो पिनएक्समधला तुमचा फॉर्म्युला पुसून तिथे नवा आकडा किंवा परत पटीचा फॉर्म्युला लिहितो, आणि सांगत पण नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाचा फॉर्म्युला गार्डच्या कंसात घालायचा, गार्ड, कंस चालू, ग्रुपची विड्थ वजा ६० एमएम, कंस बंद. मग कोणी कितीही ओढलं तरी तो फॉर्म्युला जागचा हलत नाही. अँमीटरच्या विड्थ आणि हाइटला पण गार्डच्या कंसात ९६ एमएम टाका, कटआउटला ९२. त्या डोअरनंतर माझ्या एकाही कटआउटची साइझ मी गार्डशिवाय सोडलेली नाही.

इथे एक गैरसमज काढतो जो जवळजवळ प्रत्येक नवीन मुलाच्या डोक्यात असतो. डेव्हलपर टॅबमध्ये प्रोटेक्शन म्हणून आहे, त्यात विड्थ, हाइट, आस्पेक्ट रेशो लॉक करता येतात. लोक आतल्या मीटरचा आस्पेक्ट रेशो लॉक करतात, ग्रुप ओढतात, मीटर तरीही ताणला जातो, आणि मग म्हणतात व्हिजिओत बग आहे. बग नाहीये. ते लॉक तुमच्या हातासाठी आहे, तुम्ही त्या मीटरचं हँडल धरून ओढू नये म्हणून. ग्रुप वाढल्यावर मीटरच्या सेलमधला "विड्थ गुणिले ०.१६" हा फॉर्म्युला परत मोजला जातो, तिथे कोणी हँडल धरलेलंच नसतं, मग लॉकचा संबंध येतोच कुठे. बाहेरच्या पूर्ण ग्रुपला आस्पेक्ट लॉक दिलात तर तो चालतो, पण मग ६०० चा ८०० करताना उंची पण १६०० होणार, ते तुम्हाला नकोय.

आता तुमच्या ड्रॉइंगमधले जे भाग खरंच ताणले जायला हवेत ते. यावर लोक लक्षच देत नाहीत, सगळा जोर "ताणू नको" वर असतो. डोअर ताणलं गेलं पाहिजे, बेस चॅनल रुंदीत ताणला गेला पाहिजे पण उंचीत नाही, ग्लँड प्लेट (केबल आत घ्यायची पत्र्याची पट्टी) तशीच. बेस चॅनल १०० एमएम उंच असेल तर त्याची विड्थ ग्रुपची विड्थ गुणिले १, हाइट गार्डमध्ये १०० एमएम, पिनवाय गार्डमध्ये ५० एमएम कारण पिन मध्यावर आहे. डोअरला चारी बाजूंनी २५ ची चौकट सोडायची आहे आणि खाली १०० चा बेस आहे असं धरलं तर डोअरची विड्थ ग्रुपची विड्थ वजा ५०, हाइट ग्रुपची हाइट वजा १५०, पिनएक्स मध्यावर, आणि पिनवाय ग्रुपची हाइट गुणिले ०.५ अधिक ५०. पडताळून बघा, १२०० उंचीला डोअर १०५० चा, मध्य ६५० वर, म्हणजे खालची कड १२५ वर आणि वरची ११७५ वर, वर २५ आणि बेसच्या वर २५ राहिले. १८०० करून बघा, तेच २५ राहतील. फॉर्म्युला लिहिला की असा दोन साइझवर हातानं हिशोब मांडून बघायची सवय लावा, एका साइझला योगायोगानं बरोबर येतं.

कधी कधी एखादी गोष्ट मोठी व्हायला पाहिजे पण गोलच राहायला पाहिजे, जसं कंपनीचा गोल लोगो किंवा कूलिंग फॅनचं चिन्ह जे मोठ्या पॅनलवर मोठं दिसलं तर बरं. तिथे विड्थमध्ये गार्ड आणि आत मिन वापरा, ग्रुपची विड्थ गुणिले ०.२ आणि ग्रुपची हाइट गुणिले ०.२ यातलं जे लहान ते, आणि हाइटच्या सेलमध्ये गार्डमध्ये नुसतं विड्थ. तो वाढतो, कमी होतो, पण लंबगोल कधीच होत नाही. खऱ्या मापाच्या वस्तूला, मीटरला, बटणाला हे करू नका. ९६ चा मीटर पॅनल मोठं झालं म्हणून ११० चा होत नसतो.

तिरप्या वस्तूंबद्दल वेगळं सांगायला हवं. तिरपा बाण, ४५ अंशातला हँडल, उघड्या दाराची तिरपी रेष असलं काही ग्रुपमध्ये असेल तर त्याला स्केल विथ ग्रुप कधीच देऊ नका. गणितानं बघितलं तर तिरपा आयत फक्त आडवा ताणला की त्याचे काटकोन मोडतात, तो समांतरभुज चौकोन होतो, पण प्रोग्रॅमकडे त्या शेपसाठी रुंदी, उंची आणि कोन एवढेच तीन आकडे आहेत, त्यात मोडका काटकोन लिहायला जागाच नाही, म्हणून तो जवळपासचं काहीतरी करतो आणि वस्तू भलत्याच आकाराची दिसते. ९० अंशात फिरवलेली वस्तू चालते. बाकी कोनांना रिपोझिशन ओन्ली, विषय संपला.

अक्षरांचं काय? व्हिजिओत ग्रुप मोठा केला तरी अक्षरं मोठी होत नाहीत, फॉन्टचा साइझ वेगळ्या सेलमध्ये पॉइंटमध्ये असतो आणि तो कोणाच्या रुंदीला बांधलेला नसतो. रेषेची जाडी पण तशीच, कोपऱ्याचा राउंडिंग पण तसाच, हे तिन्ही आपापल्या मापावर राहतात आणि बहुतेक वेळा आपल्याला तेच हवं असतं. पण नेमप्लेटवरचं नाव प्लेटबरोबर वाढायला हवं असेल तर कॅरॅक्टरच्या साइझ सेलमध्ये फॉर्म्युला टाकावा लागतो, आणि तिथे एक खड्डा आहे ज्यात मी पण पडलोय. तुमचं ड्रॉइंग १:१० स्केलवर आहे. हाइट सेलमध्ये खरी उंची आहे, म्हणजे ५० एमएमची नेमप्लेट असेल तर ५० एमएमच. फॉन्ट मात्र कागदावरच्या मापात आहे. म्हणून हाइट गुणिले ०.५ असं लिहिलं तर कागदावर २५ एमएमची अक्षरं येतात, प्लेट कागदावर पाच एमएमची आणि अक्षरं पंचवीसची. त्याला पेज स्केल भागिले ड्रॉइंग स्केल यानं गुणावं लागतं, हे दोन्ही सेल पानाच्या शीटमध्ये आहेत, दपेज उद्गारचिन्ह पेजस्केल असं लिहिलं की मिळतात. एवढं केलं की नाव प्लेटच्या अर्ध्या उंचीचं राहतं, स्केल बदला नाहीतर प्लेट बदला.

स्केलवरून आठवलं, काही जणांना याच्या अगदी उलट हवं असतं, सगळं चित्र आहे तसं लहान करून ए४ वर बसवायचंय. त्यासाठी ग्रुप दाबून लहान करू नका, तिथे तर मापंच मरतात. पेज सेटअपमध्ये ड्रॉइंग स्केल १:१० चं १:२० करा, मापं सगळी खरीच राहतात आणि चित्र निम्मं होतं.

डायमेन्शन हातानं टाइप करायचं बंद करा, हे आधीच सांगायला हवं होतं. टेक्स्टमध्ये इन्सर्ट, फील्ड, मग जॉमेट्रीमध्ये विड्थ निवडा, म्हणजे आकडा त्या शेपच्या खऱ्या रुंदीतून येतो. कटआउट चुकून ९५.८ झाला तर कागदावर पण ९५.८ दिसेल आणि कोणीतरी बोंब मारेल. माझ्या त्या डोअरच्या वेळी हे असतं तर तपासणाऱ्यानं पकडलं असतं.

आणि तुमचे चाळीस पॅनल असतील तर ओढाओढी पूर्ण बंद करा असं मी म्हणेन. बाहेरच्या ग्रुपला शेप डेटामध्ये (शेपला जोडून ठेवायची माहिती) दोन ओळी द्या, रुंदी आणि उंची, आणि ग्रुपच्या विड्थमध्ये गार्डमध्ये ती ओळ लिहा, प्रॉप डॉट आणि ओळीचं नाव. रुंदीला ६००, ८००, १००० अशी ठरावीक यादी दिली की माणूस फक्त यादीतून ८०० निवडतो आणि पूर्ण पॅनल आपोआप बसतं, मीटर ९६, पिच ६०, लॉक कडेपासून ६०. आमच्याकडे नवीन आलेली मुलं आता असंच काम करतात, त्यांना माऊसनं पॅनल ओढता येतं हेच माहीत नाहीये.

व्हिजिओ नसेल तर काय, हे कोणीतरी विचारेलच म्हणून सांगतो. ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे आणि त्यात पण हे बरंच जमतं. ग्रुपमधल्या पार्टवर दुसरा क्लिक करून तो सिलेक्ट करा, कंट्रोल आणि ई दाबून स्टाइलची खिडकी उघडा आणि शेवटी रिसाइझविड्थ बरोबर ० सेमिकोलन, रिसाइझहाइट बरोबर ० सेमिकोलन असं लिहा (अर्थात इंग्रजीत, एच आणि डब्ल्यू कॅपिटल). मग ग्रुप ओढला तरी तो पार्ट तेवढाच राहतो, जागा पटीत सरकते, म्हणजे व्हिजिओच्या रिपोझिशन ओन्लीसारखंच. रिसाइझेबल बरोबर ० लिहिलं तरी होतं पण मग तो पार्ट तुम्हाला स्वतःला पण ओढून मोठा करता येत नाही, ते हवं असेल तर तसं करा. गोल राहून वाढायला हवं असेल तर आस्पेक्ट बरोबर फिक्स्ड. आणि आतलं काहीच ताणायला नको असेल तर ग्रुपलाच रिकर्सिव्हरिसाइझ बरोबर ० द्या. गोल कोपऱ्यांचे आयत तिथे शेपबरोबर कोपरे पण मोठे करतात, त्याला अ‍ॅब्सोल्यूटआर्कसाइझ बरोबर १ लिहिलं की कोपरा ठरलेल्या मापात राहतो. कडेपासून ठरावीक अंतर पण होतं, पार्टच्या जॉमेट्रीत रिलेटिव्ह चालू करून डावीकडचा आकडा १ द्यायचा, म्हणजे उजवी कड, आणि वजा अंतर डीएक्समध्ये, फक्त तिथे मोजमाप पार्टच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून होतं, मध्यापासून नाही.

पॉवरपॉइंटमध्ये पॅनल काढणारे लोक मी बघितलेत, त्यांना एवढंच सांगतो की तिथे पार्टनिहाय असं काही ठरवता येत नाही, कोपऱ्यातून शिफ्ट दाबून ओढलं तर सगळं एकाच प्रमाणात होतं, आणि गोल कोपऱ्याचा पिवळा ठिपका मापात नाही तर पटीत असतो म्हणून मोठा आयत जास्त गोल दिसतो. मापाचं काम तिथे करू नका. इंकस्केपमध्ये वरच्या पट्टीवर छोटी बटणं आहेत, रेषेची जाडी स्केल करायची का, आयताचे गोल कोपरे स्केल करायचे का, ती बघून घ्या, बरेच लोक जाडी आपोआप बदलली म्हणून वैतागतात आणि ते बटण तिथेच डोळ्यासमोर असतं. फिग्मामध्ये ग्रुप ऐवजी फ्रेम वापरा, फ्रेममध्ये प्रत्येक पार्टला डावीकडे चिकट, उजवीकडे चिकट, मध्यावर राहा, दोन्हीकडे ताण असं सांगता येतं, म्हणजे आपण वर जे हातानं लिहिलं तेच तिथे यादीतून निवडायचं.

तुमच्या ड्रॉइंगचं म्हणाल तर क्रम असा ठेवा. आधी लॅम्पचा आणि मीटरचा छोटा ग्रुप, मग मोठा ग्रुप, मग बिहेवियर, मग शेपशीटमध्ये कडेची अंतरं, मग सगळ्याला गार्ड. गार्ड शेवटी, कारण आधी लावलात तर स्वतःलाच काही हलवता येत नाही आणि चिडचिड होते. झालं की ग्रुप मुद्दाम दुप्पट रुंद आणि निम्मा उंच करून बघा, असा पॅनल कोणी बनवत नाही पण जे चुकलंय ते त्यात लगेच उघडं पडतं, मग अनडू.

हे सगळं एका पॅनलवर जमलं की तो स्टेन्सिलमध्ये (तयार शेप ठेवायची फाइल) मास्टर, म्हणजे मूळ नमुना, म्हणून ओढून ठेवा, मास्टरमधून टाकलेल्या प्रत्येक पॅनलमध्ये शीटचे नंबर व्हिजिओ स्वतः बदलून घेतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. एकच लक्षात असू द्या, स्टेन्सिलची फाइल सुधारली म्हणून आधी काढलेल्या ड्रॉइंगमधले पॅनल सुधारत नाहीत, प्रत्येक ड्रॉइंगच्या आत त्या मास्टरची स्वतःची प्रत असते, ती डॉक्युमेंट स्टेन्सिलमध्ये दिसते. तुमच्या ज्या फाइली आधीच अर्ध्या झाल्यात त्यात ती प्रत उघडून तिथे बदल करावा लागेल, आणि ज्या पॅनलमध्ये कोणी हातानं साइझ बदललाय त्या पॅनलचा साइझ त्या बदलाला जुमानणार नाही, तो पॅनल काढून परत नवीन टाका.